मोडलेली नोंदवही : पॅकेज मॅनेजर आणि दुरुस्तीची परंपरा

साहित्याच्या अभ्यासकाने संगणकाच्या अंतर्गत कारभारात लक्ष का घालावे, असा प्रश्न आपल्या वर्तुळात अधूनमधून विचारला जातो. त्याचे उत्तर आपण रोज ज्या पडद्यावर मराठी वाचतो-लिहितो, त्या पडद्यावरच आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा ‘र’ जागेवर बसतो, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ फुटत नाहीत, कळ दाबली की अपेक्षित अक्षर उमटते. हे आपोआप घडत नाही. त्यासाठी फॉन्ट लागतो, अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी लागते, कळफलकाचा मराठी आराखडा लागतो. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात असे शेकडो घटक ‘पॅकेज’ नावाच्या गठ्ठ्यांतून येतात. कोणता गठ्ठा आला, कोणत्या आवृत्तीचा आला, तो आणखी कशाकशावर अवलंबून आहे, याची नोंद ठेवणाऱ्या आणि त्या नोंदीनुसार नवे-जुने बदल करणाऱ्या आज्ञावलीला पॅकेज मॅनेजर म्हणतात.

हा पॅकेज मॅनेजर कधीकधी मोडतो. मोडतो म्हणजे संगणक बंद पडतो असे नाही. यंत्र सुरू होते, लेख लिहिता येतो, छापताही येतो. पण नवे काही बसवता येत नाही आणि जुने काढता येत नाही. नोंदवही आणि वस्तुस्थिती यांचा मेळ तुटलेला असतो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच उपाय सुचवला जातो : सगळे पुसून टाका आणि नव्याने बसवा. प्रस्तुत लेखाचा विषय दुसऱ्या उपायाचा, म्हणजे दुरुस्तीचा, इतिहास हा आहे. ही दुरुस्ती मुळात वाचनाची कृती आहे आणि ती शक्य होते याचे कारण काही माणसांनी तीसेक वर्षांपूर्वी नोंद वाचता येईल अशा रूपात ठेवण्याचा निर्णय घेतला, हे येथे दाखवायचे आहे.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी लिनक्स वापरणे म्हणजे सुट्या फायलींचे गाठोडे उघडून त्या ठिकठिकाणी नेऊन ठेवणे होते. कोणती फाईल कोणत्या गाठोड्यातून आली, याचा मागोवा पुढे घेणे अवघड असे. एक कार्यक्रम काढताना दुसऱ्याच्या फायली निघून जात. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या पर्ड्यू विद्यापीठातील वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘डेबियन’ या नव्या प्रकल्पाची घोषणा केली. डेब्रा ही त्याची तेव्हाची मैत्रीण. तिच्या आणि स्वतःच्या नावाची संधी करून हे नाव तयार झाले. डेबियनमध्ये प्रत्येक घटकाला एक जबाबदार माणूस आणि प्रत्येक गठ्ठ्याला एक नोंद असावी, ही कल्पना मूळ धरू लागली. तिचे साधन म्हणून ‘डीपीकेजी’ ही आज्ञावली आली. तिचा मुख्य भाग १९९४ मध्ये इयन जॅक्सन यांनी सी भाषेत नव्याने लिहिला. १९९५ मध्ये रेड हॅट कंपनीत मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी ‘आरपीएम’ हे दुसरे साधन घडवले. आजच्या बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांची घराणी या दोहोंपैकी एकाशी नाते सांगतात.

डीपीकेजीची नोंदवही ही एक साधी मजकूर-फाईल आहे. तिचे नाव ‘स्टेटस’. प्रत्येक पॅकेजसाठी तिच्यात एक परिच्छेद असतो : नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचे नाव, कशावर अवलंबून, आणि सध्याची अवस्था. साध्या संपादकात ती उघडली तर कुणालाही वाचता येते. या साधेपणाचे महत्त्व पुढे कळेल.

नोंद ठेवल्याने एक प्रश्न सुटला आणि दुसरा उघडा पडला. तो अवलंबित्वाचा. एक पॅकेज दुसऱ्यावर, दुसरे तिसऱ्यावर उभे असते. तळाशी असलेले काही बदलले की वरचे सगळे पुन्हा जुळवून घ्यावे लागते. जुलै १९९८ मध्ये आलेल्या डेबियनच्या २.० आवृत्तीत हाच प्रसंग उद्भवला. सर्व कार्यक्रम ज्या सी लायब्ररीवर उभे होते ती पाचव्या पिढीतून सहाव्या पिढीत न्यायची होती. वरचे कार्यक्रम एकामागून एक नव्या पायावर पुन्हा बांधावे लागले, आणि मधल्या काळात जुनी-नवी दोन्ही लायब्ररी एकाच यंत्रात शेजारी शेजारी नांदतील अशी सोय करावी लागली.

हा प्रकार आपल्याला अपरिचित वाटू नये. वर्ध्यातच त्याचे एक उदाहरण घडून गेले आहे. १९३५ मध्ये इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले. त्यातून नागरी लिपीच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि काका कालेलकर तिचे संयोजक झाले. ‘इ, ई, उ, ऊ, ए, ऐ’ ही स्वतंत्र स्वरचिन्हे टाकून ‘अ’लाच काना-मात्रा-वेलांट्या लावायच्या, म्हणजे ‘अि, अी, अु, अू, अे, अै’ असे लिहायचे, ही अ-च्या बाराखडीची योजना त्या प्रयत्नातील प्रमुख सूचना होती. १९३६ मध्ये वर्ध्याला स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने आपल्या प्रकाशनांत ती वापरली. मराठीत सावरकरांनी याच धर्तीच्या सुधारणेचा पुरस्कार केला आणि त्यांची पुस्तके त्या लिपीत छापली गेली. मुद्रणाच्या दृष्टीने योजना तर्कशुद्ध होती : खिळे कमी, कळा कमी. तरीही ती टिकली नाही. उत्तर प्रदेश सरकारने १९४७ मध्ये नेमलेल्या नरेंद्र देव समितीने ती नाकारली, आणि पुढच्या शासकीय नागरीत तिला जागा मिळाली नाही.

पॅकेजच्या भाषेत सांगायचे तर वर्ध्याची सुधारणा हा तळाच्या लायब्ररीतला बदल होता. तिच्यावर अवलंबून असलेले घटक म्हणजे शाळा, छापखाने, टंकयंत्रे, कोश आणि वाचकांचे डोळे. ते एकत्र हलले नाहीत आणि त्यांना एकत्र हलवणारी यंत्रणाही नव्हती. त्याचा परिणाम आजही जाणवतो. युनिकोडमध्ये ‘इ’ला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे ‘इतिहास’ हा शब्द शोधणाऱ्याला साध्या शोधात ‘अितिहास’ सापडत नाही. त्या काळातले एखादे पुस्तक जसेच्या तसे टंकलिखित करून ठेवणाऱ्याला ही अडचण ठाऊक असावी. अर्थात लिपी आणि आज्ञावली या एक नव्हेत. पण अवलंबित्वाची नोंद नसताना पाया बदलला तर काय होते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

अवलंबित्वाचा गुंता हाताने सोडवणे अशक्य झाले तेव्हा ‘ॲप्ट’ आले. डेबियनच्या २.१ आवृत्तीबरोबर, मार्च १९९९ मध्ये, ते सर्वांच्या हाती पडले. एखादे पॅकेज मागितले की त्याला लागणारी बाकीची पॅकेजे शोधून, उतरवून, योग्य क्रमाने बसवण्याचे काम आता यंत्र करू लागले. आरपीएमच्या घराण्यात हेच काम ड्यूक विद्यापीठातील सेठ विडाल यांनी पुढे आणलेल्या ‘यम’ने केले. हे काम वरून दिसते तितके सोपे नाही. युरोपातील ‘इडॉस’ या संशोधन-प्रकल्पातील अभ्यासकांनी २००६ च्या सुमारास दाखवून दिले, की एखादे पॅकेज दिलेल्या संग्रहातून बसवता येईल की नाही हा प्रश्न गणिताने अत्यंत अवघड ठरवलेल्या प्रश्नांच्या वर्गात मोडतो. व्यवहारात यंत्र बहुधा वाट काढते. पण प्रत्येक वेळी ती झटपट सापडेल याची हमी आज ज्ञात असलेली कोणतीही रीत देऊ शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या गुंत्याचा आवाका ध्यानात येतो.

याच संग्रहात मराठीने आपली जागा मिळवली. तिचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे काही टप्पे पुरेत. भारतीय भाषांसाठीचे ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या तांबड्या टोपीचा संस्कृत प्रतिध्वनी. पुढे त्यांची देखभाल प्रामुख्याने पुण्यातून झाली आणि २०११ मध्ये त्यांना फॉन्टसाठीचा खुला परवाना मिळाला. मुंबईच्या सी-डॅकमधील ‘जनभारती’ गटाने डेबियन बसवण्याच्या कार्यक्रमाचा मराठी अनुवाद केला. २००७ मध्ये सी-डॅकच्या चेन्नई केंद्रातून ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणाली आली. या प्रत्येक प्रयत्नाचे फळ आपल्या यंत्रापर्यंत पोहोचते ते एखाद्या पॅकेजच्या रूपाने. म्हणून पॅकेजची नोंदवही मोडणे ही मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने केवळ तांत्रिक कटकट राहत नाही.

आता मोडण्याकडे वळू. सर्वांत साधे कारण वीज. २००० च्या दशकातले भारनियमन ज्यांनी आर्वी, हिंगणघाट किंवा समुद्रपूर येथे काढले आहे, त्यांना अधिक सांगायला नको. पॅकेज बसवण्याचे काम दोन टप्प्यांत होते : आधी फायली उलगडून जागच्या जागी ठेवायच्या, मग त्यांची मांडणी करायची. दिवे या दोहोंच्या मध्ये गेले तर काय? डीपीकेजीच्या कर्त्यांनी याचा विचार आधीच केला होता. म्हणून नोंदवहीत ‘बसवलेले’ आणि ‘न बसवलेले’ अशा दोनच अवस्था नाहीत. ‘अर्धे बसवलेले’, ‘उलगडलेले’, ‘अर्धी मांडणी झालेले’ अशाही अवस्था आहेत. मधेच तुटलेले काम नोंदवही लपवत नाही. कोठे तुटले ते लिहून ठेवते. वीज आल्यावर नवे काही मागितले की यंत्र सांगते, मागचे काम अर्धवट राहिले आहे, आधी ते पुरे करा. राहिलेली सगळी मांडणी पुरी करण्यासाठी एका ओळीची आज्ञा असते, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

तेवढ्याने न भागले तर क्रमाने पुढे जायचे. दुसरा एखादा कार्यक्रम नोंदवही वापरत असेल तर तिला कुलूप असते. घाईने कुलपाची फाईल पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण आत खरोखरच कुणी लिहीत असेल तर दोन हात एकाच पानावर लिहू लागतात. आधी आत कुणी आहे का ते पाहावे. नंतर अवलंबित्वाचा तुटलेला धागा जोडण्याची ॲप्टची आज्ञा द्यावी, आणि ती जे काही करू म्हणते त्याची यादी वाचावी. नोंदवहीच खराब झाली असेल तर तिची आदली प्रत शेजारीच ठेवलेली असते आणि आणखी जुन्या प्रती बॅकअपच्या फोल्डरात असतात. आणि समजा, त्याही गेल्या. तरीही मार्ग उरतो. डेबियनच्या नियमांनुसार प्रत्येक पॅकेजची कागदपत्रे एका ठरलेल्या जागी त्याच्या नावाच्या फोल्डरात असावी लागतात. त्या फोल्डरांची नावे वाचून यंत्रात काय काय बसवलेले होते याची यादी पुन्हा उभी करता येते.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. मूळ पोथी हाती नाही. तिच्या प्रती आहेत, त्यांत भेद आहेत. शिवाय टीकेत, अवतरणांत, पुष्पिकांत विखुरलेले स्वतंत्र साक्षीदार आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पाठांतरांनी अशुद्ध झालेला ग्रंथ टाकून देऊन नवा लिहिण्याचा विचार त्यांनी केला नाही. त्यांनी प्रत शोधून शुद्ध केली आणि यापुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. पाठ शुद्ध करणे आणि शुद्ध झालेल्या पाठात पुन्हा भेसळ होऊ न देणे, ही दोन्ही कामे पॅकेजच्या जगातही जोडीने चालतात. प्रत्येक गठ्ठ्याची एक गणिती खूण काढलेली असते; मजकुरातले एक अक्षर जरी बदलले तरी ती जुळत नाही.

नोंद वाचता येण्याचे महत्त्व दुसऱ्या घराण्याकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते. आरपीएमची नोंद दीर्घकाळ ‘बर्कली डीबी’ या विदागाराच्या रूपात होती. शोधायला ती वेगवान. पण माणसाला थेट वाचता न येणारी. ती बिघडली की उघडून पाहण्याची सोय नसे. पुनर्बांधणीची ठरावीक आज्ञा द्यायची आणि निष्पत्तीची वाट पाहायची, इतकेच हाती उरे. २०२० मध्ये फेडोराच्या तेहतिसाव्या आवृत्तीने ‘एस्क्यूलाइट’ या अधिक भरवशाच्या विदागाराकडे स्थलांतर केले. दोन्ही पद्धतींचे गुणदोष आहेत आणि येथे निवाडा करण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे, की वाचता येणारी नोंद वापरणाऱ्याला दुरुस्तीत सहभागी करून घेते, आणि न वाचता येणारी त्याला तज्ज्ञाच्या दारात उभे करते.

पण नोंद वाचता येणे पुरत नाही. ती वाचावीही लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये घडलेला एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. एका विख्यात कॅनेडियन यूट्यूब वाहिनीचा सूत्रधार ‘पॉप ओएस’ या प्रणालीवर खेळांचा एक कार्यक्रम बसवत होता. त्या दिवसांत पॅकेजच्या अवलंबित्वात दोष राहून गेला होता, म्हणून ॲप्टने तो कार्यक्रम बसवण्यासाठी संपूर्ण डेस्कटॉपच काढून टाकण्याचा प्रस्ताव ठेवला. काय काय निघणार याची यादी पडद्यावर आली. हे घातक आहे, असा इशाराही आला. पुढे जायचे असेल तर ‘होय, मी सांगतो तसे कर’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य पूर्ण टंकायचे होते. त्याने ते टंकले, आणि डेस्कटॉप गेला. यानंतर ॲप्टच्या कर्त्यांनी ते वाक्य टंकून पुढे जाण्याची वाटच बंद केली. दोष पॅकेजचा होता, हे मान्यच आहे. तरीही भाषेच्या अध्यापकाला यात वेगळे काही दिसते. अपरिचित शब्दांची लांब यादी समोर आली की डोळे तिच्यावरून घसरतात. शाळेतल्या उताऱ्यावर, करारनाम्यावर, सरकारी अर्जावर घसरतात तसेच. आपल्या यंत्रात अशीच यादी येते तेव्हा तिच्यात कोठेतरी मराठीचा फॉन्ट किंवा कळफलकाचे पॅकेजही असू शकते.

आणखी एक अवलंबित्व असे आहे जे कोणत्याही नोंदवहीत पुरते उतरत नाही : माणसावरचे. सांभाळणारा निघून गेला की डेबियनमध्ये त्या पॅकेजला अधिकृतपणे ‘अनाथ’ म्हणतात. नवा पालक मिळाला नाही, तर कालांतराने ते संग्रहातून काढलेही जाते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ‘एक्सझेड’ या साध्या दाबणी-साधनात लपवलेले चोरदार उघडकीस आणले. दूरच्या यंत्रात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या बारीकशा शंकेतून त्याचा शोध सुरू झाला होता. ते साधन वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्या माणसाने सांभाळले होते. त्याच्या थकव्याचा फायदा घेऊन कुणा अज्ञाताने मदतनीस म्हणून शिरकाव केला होता. मराठीच्या अनुवादांना आणि फॉन्टना असे चोर बहुधा गाठणार नाहीत. त्यांना गाठेल ते अनाथपण.

वर्ध्याच्या संदर्भात दुरुस्तीचा विचार आणखी एका अंगाने करायला हवा. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटींत केवळ वेगाचा आणि किमतीचा उल्लेख नव्हता. यंत्र वीस वर्षे टिकावे आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च मूळ किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा, असेही त्यांत होते. ते बक्षीस कुणालाही मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी. दुरुस्तीयोग्यता हा यंत्राच्या व्याख्येचाच भाग मानणारी ही दृष्टी होती. १९३८ मध्ये वर्ध्यात सुरू झालेल्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नानाविध प्रकार पाहताना तिची आठवण ठेवावी. मर्डॉक आणि जॅक्सन यांनी गांधींना वाचले होते की नाही, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. वापरणाऱ्याच्या हाती दुरुस्ती राहावी, हा आग्रह दोन्हीकडे आहे आणि तो स्वतंत्रपणे पोहोचलेला आहे.

हा आग्रह आज का आठवावा? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. महाविद्यालयांच्या संगणक-कक्षांत आणि भाषा-प्रयोगशाळांत अशी कितीतरी यंत्रे आहेत, ज्यांना पुढची आवृत्ती पेलत नाही. ती भंगारात जातील किंवा त्यांवर एखादी मुक्त प्रणाली बसेल. दुसरा मार्ग स्वीकारणाऱ्या कक्षात आज ना उद्या पॅकेज मॅनेजर मोडेल, कारण वीज जाईल, डिस्क भरेल, नेट तुटेल. तेव्हा सगळे पुसून टाकणाऱ्याची वाट पाहायची, की पडद्यावर आलेला मजकूर वाचायचा, हा प्रश्न उभा राहील.

त्या मजकुराला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. काय अर्धे राहिले, कशाला काय हवे आहे, काय काढले जाणार आहे, हे तो सांगत असतो. पाठभेद लावणारा, टीपा वाचणारा, यादीतला गहाळ शब्द हेरणारा डोळा मराठीच्या विद्यार्थ्याजवळ असतोच. निदान असावा, यासाठी तर आपण शिकवतो. तो डोळा पोथीवरून पडद्यावर वळवणे एवढेच राहिले आहे. ज्या पॅकेजमुळे आपले अक्षर उमटते, त्याच्या सांभाळकर्त्याचे नावही त्याच नोंदवहीत, आवृत्तीच्या ओळीच्या आसपास, लिहिलेले असते. आपल्यापैकी किती जणांनी ते कधी वाचले आहे?